मावशीला सूट नाही

आमच्या पडद्यांच्या दुकानात दोन मशीनं. खिडकीजवळचं मावशींचं, आतल्या भिंतीकडचं माझं. मध्ये कापड कापायचं लांब टेबल. त्या टेबलाच्या अलीकडे मी बरीच वर्षं बसते आहे, त्यामुळे जे सांगते ते बहुतेक डोळ्यांदेखत घडलेलं. उरलेलं मावशींनीच सांगितलेलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

गल्लीत सगळेच त्यांना मावशी म्हणतात, पण खऱ्या त्या एकीच्याच मावशी. बारकीच्या. बारकी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही दीड वर्षाची होती. बाप "महिन्याभरात येऊन घेऊन जातो" म्हणून ठेवून गेला, तो गेलाच. पुढे कळलं की दुसऱ्या गावात त्याने दुसरं लग्न केलं. मावशींनी स्वतःचं ठरत आलेलं लग्न मोडलं आणि त्या विषयावर पुन्हा कधी कुणाला तोंड उघडू दिलं नाही. बारकी टेबलाखाली कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढली. पुढे उंचीने मावशींच्या डोक्यावर गेली, तरी नाव बारकीच राहिलं.

एक गोष्ट मात्र मावशींनी लोखंडासारखी धरून ठेवली होती. पोरीला त्यांनी स्वतःला आई म्हणू दिलं नाही. लहानपणी तिच्या तोंडून निघालं की लगेच सुधारायच्या, "आई ती भिंतीवर आहे. मी मावशी." दत्तक घेण्याचा कागद करा, असं शाळेतल्या बाईंनी सुचवलं होतं, तर म्हणाल्या, "आईच्या रकान्यात माझं नाव घातलं तर माझी बहीण दुसऱ्यांदा मरेल." माय मरो पण मावशी जगो असं लोक सहज म्हणतात. मावशींना ती म्हण कुणी ऐकवली की त्या उठून आत जायच्या.

बारकीचं लग्न सीमेपलीकडच्या बंदराच्या गावात झालं. जावई मालवाहू जहाजावर. सीमा म्हणजे तेव्हा काही फार मोठं प्रकरण नव्हतं. बस थांबायची, लोक खाली उतरून शिक्का मारून घ्यायचे, चहा प्यायचे आणि परत आपापल्या जागेवर. आमच्या गल्लीतले लोक तिकडे चपला आणायला जात. बारकीला दिवस राहिले तेव्हा ठरलं की सातव्या महिन्यात मावशी तिकडे जाऊन राहतील आणि दुकान मी बघेन.

मग साथ आली. एका दुपारी रेडिओवर सांगितलं की सीमा बंद. कुणी म्हणालं पंधरा दिवस, कुणी म्हणालं महिना. जावई कुठल्या तरी समुद्रात अडकला होता. जहाजाला कुठलंच बंदर माणसं उतरवू देत नव्हतं. आणि त्याच सुमाराला बारकीचं ब्लडप्रेशर चढलं. पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, पडून राहा, घरात कुणीतरी पाहिजे, एकटं राहायचं नाही. घर तिसऱ्या मजल्यावर. शेजारीण दाराबाहेर डबा ठेवायची, बेल वाजवायची आणि पळून जायची. तिचाही दोष नाही. त्या दिवसांत जो तो दुसऱ्याच्या श्वासाला घाबरत होता.

पुढे बातमी आली की पलीकडच्या सरकारने जवळच्या नातेवाइकांना सूट दिली आहे. मावशींनी मशीनवरचा पडदा अर्ध्या शिवणीत सोडला आणि पर्स उचलली. मीही गेले बरोबर.

पलीकडच्या देशाचं ते कार्यालय एका जुन्या बँकेच्या इमारतीत होतं. रांग रस्त्यापर्यंत. आमच्या पुढे एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी मागे वळून विचारलं, "सासूला सूट आहे का हो? असली तर काढून टाका म्हणून अर्ज करायचाय." सगळी रांग हसली. मावशीही हसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

काचेमागे एक चष्मेवाली बाई बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "नातं?"

"मावशी."

"आई नाही का?"

"आई वारली तिची. मी वाढवलंय."

"वाढवलं असेल हो. नातं काय?"

"तेच तर सांगतेय. मावशी."

"नवरा, बायको, आई-वडील, अठरा वर्षांखालची मुलं," बाईने पाठ म्हटल्यासारखं म्हटलं. "मावशी यात बसत नाही."

मावशींनी बारकीच्या शाळेचे दाखले काढले. सगळ्यांवर पालक म्हणून यांची सही. बाईने ते पाहिले, नीट पाहिले, आणि काचेखालून परत सरकवले. "मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. सव्वीस वर्षांच्या बाईला पालक नसतो, मावशी."

तिनेही मावशीच म्हटलं. आम्ही बाहेर आलो.

पुढचे आठवडे मावशींनी काय काय केलं नाही! मदतीच्या फोन नंबरावर त्या कानाला रिसीव्हर लावून बसायच्या, दुसऱ्या हाताने चुण्या घालायच्या. तिकडे एकच सूर वाजत राहायचा. वकील गाठला, तो म्हणाला, कोर्टच बंद आहे. कुणी सांगितलं अमक्याचा तिथे वशिला आहे, की लगेच त्याच्या दारात उभ्या. दोन दारं तर तोंडावर बंद झाली.

वाईट म्हणजे दुकानात काम भरपूर होतं. दवाखान्यांना दोन खाटांच्या मध्ये लावायचे हिरवे पडदे हवे होते, इकडच्याही आणि पलीकडच्याही. माल न्यायला सीमा उघडी होती. ट्रक यायचा, आम्ही गठ्ठे चढवायचो, आणि ते बारकीच्या गावात जायचे. एकदा मावशींनी ड्रायव्हरचा हात धरला.

"मला गठ्ठ्यात बसव. हलणार नाही, खोकणार नाही."

ड्रायव्हर साधा माणूस. त्याला धड रागावताही येईना. "मावशी, ते गठ्ठ्यांत सळई खुपसून बघतात. आणि सापडलात तर मला आत टाकतील. मला दोन पोरं आहेत."

मावशींनी हात सोडला. मग हळूच म्हणाल्या, "हा गठ्ठा जपून ने. माझ्या हातचा आहे."

त्या संध्याकाळी बारकीचा फोन आला. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. आवाज लहान झाला होता, टेबलाखाली झोपायची तेव्हा होता तसा. "मावशी, तू येतेयस ना?" मावशी म्हणाल्या, "निघालेच समज."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच कार्यालयात गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा ओळखू येईना. बराच वेळ पाण्याचा ग्लास हातात धरून बसल्या.

"मी सांगितलं त्या बाईला," म्हणाल्या. "म्हटलं, मीच आई. मागच्या वेळी चुकून बोलले. मीच तिची आई."

मी शिवण थांबवली.

"तिने कॉम्प्युटरमध्ये काहीतरी पाहिलं. म्हणाली, आई मृत आहे असं इथे नोंदलेलं आहे. म्हणाली, असं खोटं पुन्हा बोलू नका, कायमची बंदी येईल." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढलं. ते खोटं ठरलं."

मग म्हणाल्या, "शेवटी तिनेच हळू आवाजात विचारलं, वडील आहेत का?"

ज्या माणसाचं नाव त्या दुकानात कधी निघालं नव्हतं, तो माणूस यादीत बसत होता. पोरीचा चेहरा तो रस्त्यात ओळखू शकला नसता, पण कागदावर बाप तोच होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मावशी स्वतःच म्हणाल्या, आणि पायात चपला घातल्या.

तो बसने तासाभराच्या गावात राहत होता. काच कापण्याचं दुकान. आम्ही गेलो तेव्हा तो टेबलावर वाकून काचेवर रेघ ओढत होता. केस पांढरे झालेले, बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेषा. मावशींना पाहून त्याने हातातलं काम पूर्ण केलं. काच अलगद दोन तुकडे झाली, मगच तो सरळ झाला.

"ताई," तो म्हणाला.

"ताई म्हणू नकोस. मी मागायला आलेय. आधी ऐकून घे."

त्यांनी सगळं सांगितलं. त्याची बायको मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. सांगून झाल्यावर तो कितीतरी वेळ काचेचा चुरा ब्रशने गोळा करत राहिला.

"मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तोंड नाहीच तुला. ते सोड. हात आहेत ना? हात घेऊन जा. तिला पाणी दे, अंथरूण घाल, डॉक्टरला फोन कर. तोंडाचं काम नाही तिथे."

"ती दार उघडणार नाही."

"नाही उघडलं तर दाराबाहेर बस. निदान दाराबाहेर माणूस असेल."

"साथ आहे ताई. माझी छाती आधीच—"

तेव्हा त्याची बायको पहिल्यांदा बोलली. "तुम्हाला भीती वाटतेय ती साथीची नाही," ती म्हणाली. "उठा. बॅग भरते मी."

त्या बाईला मी त्या दिवसानंतर एकदाही भेटले नाही. पण तिची आठवण आली की मान आपोआप खाली होते.

कागद लगेच झाले. रक्ताचं नातं सिद्ध व्हायला सकाळ पुरली. निघायच्या आदल्या दिवशी मावशींनी त्याला दुकानात बोलावलं आणि टेबलावर शिकवणी घेतली. बारकीला कुठल्या कुशीवर झोपायची सवय, औषध घ्यायची टाळाटाळ कशी करते, रागावली की खात नाही पण समोर ताट ठेवून निघून गेलं की खाते. तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता. मग त्यांनी पडद्याच्या अस्तराची एक गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली. "बाळ असं धरायचं. मान सांभाळ." त्याने ती दोन्ही हात सरळ करून आडवी धरली.

"अरे, खिडकीत बसवायचंय का त्याला?" मावशी ओरडल्या. मला हसू आलं. तोही ओशाळून हसला. मावशींनी त्याचा कोपर वाकवला, गुंडाळी छातीशी टेकवली. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. बहुतेक त्याला कधीतरी धरलेलं काही आठवलं असावं. मावशींनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सीमेपर्यंत त्या सोडायला गेल्या. पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी त्याचा ताप पाहिला, कागद पाहिले आणि रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला. तो पलीकडे गेला. मावशी दांड्याला हात लावून उभ्या होत्या, तर शिपाई म्हणाला, "बाई, मागे व्हा. दांडा खाली येतोय."

बारकीला हे फोनवर सांगितलं तेव्हा काय झालं ते मी ऐकलं, कारण मावशींनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता.

"तू त्याला पाठवलंस? परक्या माणसाला?"

"परका नाही. बाप आहे."

"कुणाचा?"

मावशींनी टेबलावरची कात्री उचलून बाजूला ठेवली. बारकी रडत म्हणाली, "तू आई म्हणू दिलं असतंस, कागद केला असतास, तर आज तू आली असतीस." मावशींनी फक्त "हो" म्हटलं. आणखी दोनदा म्हटलं, "हो. हो." पलीकडून फोन बंद झाला.

त्याला आधी विलगीकरणात ठेवलं, एका रिकाम्या वसतिगृहात. तिथून सुटून तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. तिने दार उघडलं नाही. तो जिन्यात बसला. शेजारीण नंतर मावशींना सांगत होती की त्याने दोन दिवस फक्त औषधाची वेळ झाली की दारावर एकदा टकटक केली, दुसरं काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टकटक केली तेव्हा आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्याने दारातली काच फोडली, हात घालून कडी काढली. बारकी जमिनीवर होती. अंगाला झटके येत होते.

तो नसता तर ती तिथेच गेली असती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. हे मावशींनी मला पुष्कळ वेळा सांगितलं. जणू मलाच ते पटायचं राहिलं होतं.

ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी. सातव्या महिन्याची, मुठीएवढी. बारकी बेशुद्ध, तिला नळ्या लावलेल्या. दवाखान्यात एकाच नातेवाइकाला आत सोडत होते, म्हणजे त्यालाच. तो खालच्या मजल्यावर पोरीजवळ आणि वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीतल्या नातीजवळ असा आळीपाळीने बसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन केला. मावशी म्हणाल्या, "फोन तिच्या पेटीजवळ धर."

"ऐकू जाणार नाही ताई. काच जाड आहे."

"धर म्हणतेय ना."

त्याने धरला असावा. पलीकडून यंत्राची टिकटिक यायला लागली. मावशी मशीनवर वाकून बोलायला लागल्या, अगदी रोजच्या आवाजात. "मी मावशी. तुझ्या आईची मावशी, म्हणजे तुझी आजीच की गं. हे बघ, मला जरा उशीर होतोय. इथे माणसं ऐकत नाहीत. तू थांब. घाई करू नकोस. मी येतेय." मी उठून दुकानाचं दार आतून लावलं. गिऱ्हाईक काचेबाहेर उभं होतं, ते निघून गेलं.

चार दिवस जगली ती. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं तयार नव्हती. त्याने आणि दवाखान्याच्या एका कामगाराने तिला मातीत ठेवलं. बारकी तेव्हाही शुद्धीवर नव्हती. तिने मुलीला पाहिलंच नाही. जावयाला जहाजावर निरोप गेला. तो कधी मिळाला, देव जाणे.

मावशी परत त्या कार्यालयात गेल्या, मीही बरोबर होते. मृत्यूसाठीही सूट होती म्हणे. चष्मेवाल्या बाईने विचारलं, "मृताशी नातं?" मावशी म्हणाल्या, "तिच्या आईची मावशी." बाईने चष्मा काढला आणि नकारार्थी मान हलवली. आम्हीही पुढे काही विचारलं नाही. दोघी घरी आलो आणि मावशींनी अर्धा राहिलेला हिरवा पडदा शिवायला घेतला. चुण्या सगळ्या वाकड्या पडल्या. मी नंतर उसवून परत घातल्या.

बारकी वाचली. उठायला वेळ लागला, पण उठली. तिने पहिल्यांदा बापाला विचारलं ते, "कशी होती?" आणि तो सांगायला लागला. त्या घरात ती दोघं सगळा हिवाळा राहिली. काय बोलत असतील, माहीत नाही. मावशींना रोज फोन यायचा, कधी तिचा, कधी त्याचा. मावशी ऐकून घ्यायच्या. एकदा फोन ठेवून म्हणाल्या, "तिने त्याला बाबा म्हटलं. मागून आवाज आला." मी म्हटलं, "बरं वाटलं ना?" त्या म्हणाल्या, "वाटायला पाहिजे."

वसंतात सीमा उघडली. पहिल्याच बसमध्ये मावशी होत्या. चार दिवसांनी बारकीला घेऊन परत आल्या, आणि तो बरोबर होता, बॅगा उचलून. बारकी गल्लीत शिरली तेव्हा मी धावले आणि थांबले. ती मावशींपेक्षा म्हातारी दिसत होती.

ती दोन महिने इथे राहिली. तो दर रविवारी यायचा, लांबच्या खुर्चीवर टेकायचा. बाळाचा एकच फोटो होता, नर्सने काढलेला. त्यात टोपी, पट्टी आणि नळ्याच दिसतात. म्हणून जे काही होतं ते या माणसाच्या डोळ्यांत होतं. मायलेकी म्हणू की मावशीभाची, दोघी त्याच्यासमोर बसायच्या. बारकी विचारायची, "केस?" तो म्हणायचा, "होते. काळे. कानाजवळ ओले." "बोटं?" "लांब. तुझ्या आईसारखी." दर रविवारी तो थोडं जास्त सांगायचा. एकदा म्हणाला, तिने डोळा उघडला होता. डावा. माझ्याकडे पाहिलं. बारकी त्या दिवशी पोटभर जेवली.

तो निघाला तेव्हा मावशी त्याच्या मागोमाग दुकानाच्या पायरीपर्यंत गेल्या. मी दारातच कापड मोजत होते.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "उघडला होता?"

तो रस्त्याकडे बघत राहिला. "मला वाटलं उघडला. मी नर्सला बोलावलं. ती म्हणाली, काका, सगळ्यांनाच तसं वाटतं."

मावशींनी पायरीवरचा दोऱ्याचा तुकडा उचलला.

"हे तिला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"आणि बस चुकेल तुझी. नीघ." तो चार पावलं गेल्यावर त्यांनी हाक मारली, "पुढच्या रविवारी जेवायलाच ये."

आत येऊन त्या मशीनवर बसल्या. त्याला माफ केलं का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. पण तिला पाहिलेला दुसरा कोण आहे?"

जावई उन्हाळ्यात उतरला आणि बारकीला घेऊन गेला. सीमा आता पूर्वीसारखी उघडी आहे. लोक पुन्हा चपला आणायला जातात. मावशी महिन्यातून एकदा जातात. खिडकीवर शिक्का मारणारा विचारतो, कुणाकडे? त्या सांगतात, भाचीकडे. तो शिक्का मारतो.